येताना जुना पांढरा टी-शर्ट आणा

क्लासच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला त्यात एवढंच होतं. जुना पांढरा टी-शर्ट आणा, पायात रोज जे घालता तेच घाला, नखं कापून या आणि दाबून नाष्टा करू नका. चाकूहल्ल्यापासून बचाव असं बॅनरवर मोठ्या अक्षरात होतं खरं, पण आपल्याकडं बॅनरवर काय काहीही लिहितात, त्यामुळं मी फार काही अपेक्षा न ठेवता गेलो.

कशाला गेलो ते आधी सांगून टाकतो. परभणीत माझं मेडिकल आहे, रात्री अकरापर्यंत उघडं ठेवावं लागतं कारण शेजारचे दवाखानेच तेवढ्या उशिरापर्यंत चालतात. आता कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, चिठ्ठी नसताना झोपेच्या गोळ्या नाहीतर खोकल्याचं कोडीनवालं औषध मागणारी पोरं येतातच. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन हे सगळं २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी तर पाहिजेच, वर रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. आता हे सगळं त्या तारेत असलेल्या पोराला कोण समजावून सांगणार. एकाला असंच नाही म्हणलं तर त्यानं खिशातून कटर काढून काउंटरवर ठेवला. उगारला नाही, नुसता ठेवला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. तेवढ्यात एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि ते गेलं निघून. घरी हे कळलं तसं बायकोचा रोज नऊ वाजता फोन सुरू झाला, बंद करा आता, या घरी. नऊला शटर ओढलं तर धंदा कसा होणार हो. म्हणून हा क्लास.

जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. लग्न नसंल त्या दिवशी हॉल रिकामाच असतो, मालक सरांच्या ओळखीचा, त्यामुळं सकाळी सहाला क्लास आणि ज्या दिवशी तिथी असंल त्या दिवशी सुट्टी. ऐन उन्हाळ्यात लग्नसराई, त्यामुळं सुट्ट्याही लईच झाल्या. स्टेजवर मागच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच चिकटवलेली, वर 'शुभविवाह' आणि खाली आम्ही एकमेकाला रबराच्या सुऱ्या मारायलोत, असा सगळा प्रकार.

बॅचमध्ये कोण कोण, तर सराफ लाइनमधला एक जण, पेट्रोल पंपाचा मॅनेजर, महिला बचत गटांचे हप्ते गोळा करत गाडीवर गावोगाव फिरणारं एक काटकुळं पोरगं, पोलीस भरतीची तयारी करणारा एक, कृषी विद्यापीठात शिकणारी तायक्वांदोवाली पोरगी, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, आणि मूळ नांदेडचे एक सरदारजी, इथं स्पेअर पार्टचं दुकान टाकलेले, लहानपणापासून गतका, म्हणजे शिखांची लाठी-ढालीची युद्धकला, खेळलेले. सर स्वतः फौजेतून रिटायर. कमी बोलायचे, पण बोलले की टोचून.

पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं काहीच नाही. रंगपंचमीचा उरलेला लाल रंग खोबरेल तेलात कालवून वाटीत घेतला, ब्रशनं रबरी सुरीच्या पात्याला लावला आणि म्हणले, जोड्या करा, तीस सेकंद, एकानं मारायचं, दुसऱ्यानं वाचायचं, बाकी नियम काही नाही. माझ्या वाट्याला ते हप्तेवालं पोरगं आलं. वजन असंल पन्नास किलो. मी मनात म्हणलं याला तर मी धरून बसवतो खाली.

शिट्टी वाजली आणि त्यानं सुरीचा हात पुढं आणलाच नाही. दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली, स्वतःकडं ओढलं आणि खालून मिशीनवर टाके पडतात तसा हात चालवत सुटलं. मी दोन्ही हातांनी काहीतरी करत होतो, काय ते मलाही माहीत नाही. शिट्टी वाजल्यावर दम खात मला वाटलं की तीन-चार तरी अडवले असतील आपण. मग सरांनी टी-शर्ट ताणून धरायला लावला. पोटावर, बरगड्यांवर, काखेत, मानेच्या बाजूनं एक लांब रेघ कानापर्यंत गेलेली, आणि दोन्ही हाताच्या आतली बाजू तर सगळीच लालभडक. मोजायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. मला मानेवरची रेघ कधी ओढली गेली ते कळलंसुद्धा नव्हतं, आणि सर म्हणले खऱ्यातही असंच होतं, भोसकला गेलेला माणूस बऱ्याचदा सांगतो की मला बुक्क्या बसल्यासारखं वाटलं, रक्त दिसल्यावर कळलं.

भरतीवाल्याची गंमत सांगायलाच पाहिजे. त्यानं कराटे केलेलं, बेल्टबिल्ट असलेला. दोन्ही मनगटं फुलीत धरून पहिला वार असा झकास अडवला की आम्ही टाळ्या वाजवल्या. तो वार अडवून तिथंच थांबला, आणि समोरचा पंपाचा मॅनेजर काही थांबला नव्हता. टाळ्या संपेपर्यंत भाऊचा टी-शर्ट भरलेला होता.

तर खरी गोम इथंच आहे. रील्समध्ये आणि कॉलेजच्या त्या एकदिवसीय शिबिरात जे दाखवतात ना, समोरचा चार फुटांवरून एक वार करतो आणि हात तसाच लांब करून उभा राहतो, मग हा निवांत मनगट धरतो, पिळतो, सुरी खाली पडते, फोटो. खरा मारणारा हात तिथं ठेवतच नाही. जेवढ्या जोरात येतो तेवढ्याच जोरात मागं जातो आणि परत येतो. आणि दुसऱ्या हाताचं कुणी बोलतच नाही, तो हात तुम्हाला धरून ठेवतो, ढकलतो, तोंडावर येतो. सरांनी तोच मनगट पिळायचा डाव आम्हाला शिकवला, सावकाश केला की सगळ्यांना जमला, मग म्हणले आता मारणाऱ्यानं खरं मारा. एकालाही जमला नाही. तायक्वांदोवाल्या पोरीची लाथ जोरात बसायची पण लाथेला जेवढी जागा लागते तेवढी जागा समोरचा देत नव्हता. सरदारजींचं मात्र बघण्यासारखं होतं, गतक्यामुळं पाय असे हलके की लांब होते तोवर कुणाला शिवू दिलं नाही, अंतर बरोबर राखलं. पण भिंतीला पाठ लागली आणि कॉलर धरली गेली की त्यांचाही शर्ट आमच्यासारखाच. ते हसून म्हणले, गतक्यात ढाल असते बाबा हातात.

अंतराचा सराव दुसऱ्या आठवड्यात घेतला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी पोलिसातल्या डेनिस ट्यूलर नावाच्या माणसानं १९८३ साली एक लेख लिहिला होता, त्यात त्यानं वेळ लावून सांगितलं होतं की धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून गोळी मारायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो. लोकांनी त्याचा नियमच करून टाकला की २१ फुटाच्या बाहेर असलं की सेफ, तसं त्यानं म्हणलेलं नव्हतं. तो म्हणत होता की वाटतं त्याच्या आधीच धोका सुरू झालेला असतो. सरांनी स्टेजच्या पायरीपासून टेपनं २१ फूट मोजले, खडूनं रेघ मारली आणि पंपाच्या मॅनेजरला उभं केलं. मॅनेजर खिशात पेपर स्प्रे ठेवतो, त्याला म्हणले स्प्रे बाहेर काढून बटन दाबून दाखव, तोवर हा पळत येणार. बाटली खिशाच्या शिवणीत अडकली. दुसऱ्या वेळी निघाली तर तोंड उलटीकडं. मी बाजूला उभा राहून वेगळाच हिशोब करत होतो, की माझा गाळा आत-बाहेर धरून सोळा फूट आहे. म्हणजे दुकानात पाऊल टाकलेला प्रत्येक माणूस त्या रेघेच्या आतलाच.

मग आम्ही विचारलं की सर एवढं सगळं बेकार आहे तर शिकायचं काय. त्यावर त्यांनी पहिलं सांगितलं हात बघायला शिका. सगळे म्हणतात डोळ्यात डोळे घालून बघा, डोळ्यानं कुणी भोसकत नाही. एक हात मांडीच्या मागं आहे का, खिशातून बाहेर येत नाही का, पेपरखाली किंवा पिशवीत आहे का, कमरेला सारखा चाचपतोय का, बोलता बोलता आजूबाजूला कोण आहे ते बघतोय का, आणि विनाकारण जवळ येतोय का, "भैया टाइम काय झाला", "हा पत्ता कुठं आला" म्हणत. हे नुसतं सांगून थांबले नाहीत. क्लास संपल्यावर बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचो, तिथं सर पेपर वाचत जवळ यायचे, पिकाचं-पाण्याचं काहीतरी बोलायचे आणि एकदम पेपरखालून रबरी सुरी पोटाला लागलेली असायची. चहावाला सुरुवातीला घाबरला होता. नंतर नंतर आम्ही सगळे चहाचा ग्लास हातात आणि नजर सरांच्या हातावर असे उभे राहायचो. ही सवय मला आजही आहे, गिऱ्हाईक आलं की आधी दोन्ही हात दिसतात का ते बघतो, कुणाला कळतही नाही.

दुसरं, मधे काहीतरी आणा. काउंटर, खुर्ची, गाडी, सॅक, हेल्मेट, काहीही. प्लास्टिकची खुर्ची पाय पुढं करून धरली की हप्तेवाल्या पोराला त्या पन्नास किलोच्या वेगातही आत शिरता येईना, हे मी स्वतः करून बघितलं. हेल्मेट हातात असलं तर त्याची ढाल होते. आणि हे सगळं करताना दाराकडं सरकत राहायचं, जिंकायला उभं राहायचं नाही. पळता येत असंल तर पळा, हे वाक्य सर इतक्यांदा म्हणायचे की भरतीवालं पोरगं एकदा वैतागून म्हणलं, सर मग पळायलाच शिकवा ना. तर दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच तेच घेतलं. चपलेवर, हॉलच्या फरशीवर, पाठीमागं न बघता, वळून, मधे खुर्च्या पाडत. दोघं जण घसरून पडले. रोजच्या चपला घालून या म्हणलं होतं ते का, ते तेव्हा कळलं.

आणि पळता येत नाही, काउंटरच्या कोपऱ्यात अडकलो, त्यानं धरलंय, तेव्हाचं तिसरं. इथं मात्र महिनाभर एकच गोष्ट घासून घेतली. कोपरं अंगाशी, हनुवटी खाली, एका हाताचा आडोसा मानेपाशी, आणि मिळंल त्या क्षणी सुरीचा हात दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या छातीशी आवळायचा, वजन टाकून त्याला भिंतीवर न्यायचं, गुडघा, डोकं, जे चालंल ते चालवायचं, ओरडायचं, आणि त्याचा हात ढिला पडला की सुटायचं. बस. दहा डाव नाहीत. हिक नावाच्या शास्त्रज्ञानं १९५२ मध्ये मोजून दाखवलं होतं की माणसापुढं पर्याय जितके वाढतील तितका उत्तर द्यायला उशीर होतो. सर म्हणले, ह्या वाराला हे आणि त्या वाराला ते असं शिकवलं तर तुम्ही आठवत बसाल आणि तो काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

पकड मला चांगली जमायला लागली असं वाटायच्या दिवशीच सरांनी बादलीत साबणाचं पाणी आणलं. मारणाऱ्याचा हात कोपरापर्यंत त्यात बुडवला, माझेही तळवे ओले केले. म्हणले रक्त असंच असतं, निसरडं. मी मनगटाच्या वर दोन बोटं, जिथं रोज धरायचो तिथंच धरलं, आणि त्याचा हात सुळ्ळकन मागं गेला, माझ्या मुठीत नुसता फेस. परत धरलं, परत गेला. तिसऱ्यांदा सरांनी माझा अंगठा धरून खाली सरकवला, मनगट संपून तळहात रुंद व्हायला लागतो त्या खाचेत, आणि दुसरा हात वरनं न धरता त्याच्या कोपराच्या खालून घालून स्वतःच्या अंगाशी ओढायला लावला. आता पंजा रुंद असल्यामुळं मूठ तिथं अडकायची, पुढं निसटायची नाही. सुटायचा तरीही, पण दोन सेकंद जास्त लागायचे, आणि त्या दोन सेकंदात गुडघा बसायचा. एवढ्याशा फरकासाठी आम्ही कितीतरी सकाळी त्या फरशीवर साबण सांडला. नंतर वॉचमननं कटकट केली.

गळ्याला सुरी लावून मागून धरलेलं असतं, ते सिस्टरनी विचारलं म्हणून घेतलं. त्याला पैसे पाहिजेत, दागिने पाहिजेत तर देऊन टाका, गप राहा. पण तो गाडीत बसवायला लागला, दुसरीकडं न्यायला लागला तर मात्र झगडा तिथंच, लोकं आहेत तिथंच. दोन्ही हात एकदम त्याच्या सुरीच्या हाताला लोंबकाळल्यासारखे टाकून छातीकडं खाली खेचायचा, हनुवटी आत. इथं ॲल्युमिनियमची, धार नसलेली सुरी वापरली. त्या थंडगार धातूचा गळ्याला स्पर्श झाला की सुरी खोटी आहे हे माहीत असूनही माणूस खांदे वर करून आखडतो. मी तर आखडलोच.

डोकं चालत नसताना काय होतं तेही बघायचं होतं. त्यासाठी आधी दोन मिनिटं दंड-बैठका, दम लागला की लगेच डोळे मिटून जागेवर फिरायचं, तोवर बाकीचे कानाशी ओरडायचे, शिव्यासुद्धा, सिस्टर असताना जरा बेतानं. मग डोळे उघडा. समोर कोण, हातात काय, माहीत नाही. कधी सुरी असायची, कधी मोबाईल, कधी नुसता पाण्याचा ग्लास घेऊन माणूस उभा. मी ग्लासवाल्या सराफाला ढकलून दिलं होतं. हृदय इतकं धडधडतं की बोटांची बारीक कामं होतच नाहीत, कुलपात किल्ली जात नाही, फोनचा पॅटर्न उघडत नाही. म्हणून मदतीचा ११२ नंबर फोन न उघडता लॉक स्क्रीनवरून कसा लावायचा ते प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवर करून बघायला लावलं. ही सोय असते हे निम्म्यांना माहीतच नव्हतं.

सगळ्यात उपयोगाचा वाटला तो दुकानाचा सीन. टेबल मांडून काउंटर केला, मी आत, सर नशेतलं गिऱ्हाईक. पहिल्यांदा मी नियम सांगायला लागलो, चिठ्ठी आणा, रजिस्टर आहे वगैरे, सरांनी काउंटरवरून हात टाकून गळपट्टी धरली. दुसऱ्यांदा वेगळं केलं, आवाज खाली, दोन्ही हात वर दिसतील असे, "देतो दादा देतो, थांब, आत ठेवलंय", आणि मागं सरकत मागच्या दाराकडं. गल्ल्यातले पैसे मागितले तर त्याच्या हातात द्यायचे नाहीत, काउंटरच्या दुसऱ्या टोकाला टाकायचे, तो तिकडं जातो, आपण इकडं. इथं सरांचं आणि माझं थोडं वाजलं. सरांचं म्हणणं सुरी दिसली की बोलणं बंद, निघा. मी म्हणलं सर, फौजेत ठीक आहे, दुकानदाराला उद्या त्याच गल्लीत शटर उघडायचंय, त्यातली निम्मी पोरं मला नावानं माहितीयेत, कुणाचा बाप कुठं कामाला आहे ते माहितीये. बापाचं नाव घेतलं की ते चपापतं. हे चालतं, मी चालवलेलं आहे. सर म्हणले, कटर काउंटरवर असेपर्यंत चालंल. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं पण माझं मत तेच आहे अजून.

कोयत्याचं कुणीतरी काढलंच. आपल्याकडं ऊसतोडीमुळं कोयता घरोघर, आणि हल्ली पोरं स्टेटसला ठेवायलेत. कोयत्याचा घाव लांबून फिरून येतो, टोकाला सगळा वेग असतो, म्हणून एक तर साफ लांब जा नाहीतर एकदम अंगाला भिडा, मधल्या अंतरावर राहिलं की मेलं. लाकडी कोयता घेऊन थोडं केलं, पण सर स्वतःच म्हणले ह्याला हातानं अडवायचं स्वप्नसुद्धा बघू नका, हाड जातं.

एका दिवशी पाऊस वाऱ्याचा आला, लाइट गेली, तेव्हा बसून नुसत्या गप्पा. भरतीवाल्यानं अफजलखानाचा विषय काढला, की महाराजांनी केलंच ना निभावून. सर म्हणले बरोबर, १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड, पण नीट बघ काय काय केलं होतं. वार मिठीत आला, धरून, बगलेत दाबून, आपण रोज करतो तेच. तो वार चिलखतानं घेतला, जे आधीच अंगरख्याच्या आत घातलेलं होतं. म्हणजे खान काय करंल याचा विचार भेटीच्या आधी झालेला. आपण वाघनखं तेवढी लक्षात ठेवतो, चिलखत विसरतो. मला हे पटलं एकदम.

कायद्याचं सांगायला एक वकील साहेब आले होते, ते जरा लांबलं पण कामाचं होतं. स्वसंरक्षणाचा हक्क आधी आयपीसीत ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असंल तर कलम ३८ प्रमाणं समोरच्याचा जीव गेला तरी हक्कात बसतं, पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे सुरी पडली, तो पळाला, आणि तुम्ही गल्लीतून चार जण जमवून त्याला तुडवला, तर तिथून पुढं आरोपी तुम्ही. आणि हक्कात बसतं हे दाखवायचं ओझंही तुमच्यावरच, त्यामुळं कॅमेरा चालू पाहिजे. सराफानं विचारलं मग आम्हीच सुरी ठेवली तर. त्यावर ते म्हणले २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचं, घरकामाचं-शेतीचं नसलेलं हत्यार आलं की लायसनचा प्रश्न, आणि त्याहून लहान असलं तरी आपल्या जिल्ह्यात सणवार, मोर्चे आले की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू होतं, पेपरात येतं बघा, तेव्हा हत्यार जवळ बाळगणंच गुन्हा. सर वेगळ्या कारणानं नाही म्हणले, तुमची सुरी निघायच्या आत त्याचं काम झालेलं असतं.

आणि मग सिस्टरचा दिवस. माझ्या मते त्या दिवसाचीच फी वेगळी घ्यायला पाहिजे होती. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त, मोठी धमनी कापली तर ॲम्ब्युलन्स यायच्या आत खेळ संपू शकतो, म्हणून १०८ ला फोन दुसऱ्याला लावायला सांगायचा आणि आपण हात जखमेवर ठेवायचा. आधी स्वतःचं अंग दोन्ही तळव्यांनी चाचपायचं, मान, काखा, पोट, जांघा, पाठ, आणि तळवे बघायचे, कारण दुखत नसतं. जखम खोल असंल तर स्वच्छ कापड, गॉज, काहीच नसंल तर गमछा आत बोटांनी ठासून भरायचा आणि वरून दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबायचं, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही थांबलं का म्हणून. छाती-पोटात मात्र असलं काही ठासायचं नाही, तिथं वरून दाब आणि लवकर दवाखाना. हात-पाय असंल आणि दाबूनही थांबत नसंल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधून त्यात काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची, वेळ लिहून ठेवायची, मग दवाखान्यातच सोडायची. गळा, काख, जांघ इथं पट्टी बांधता येत नाही, तिथं नुसता दाब. सुरी आत रुतून राहिली असंल तर ओढायची नाही. हळद, कॉफी, राख काही भरायचं नाही, आणि मी दुकानात जो कापूस विकतो तो तर जखमेत अजिबात नाही, तंतू चिकटून बसतात. पट्टी त्यांनी माझ्या दंडावर पिळून दाखवली. नाडी बंद होईपर्यंत पिळली की इतकं कळ मारतं की माणूस सोडा म्हणून ओरडतो, आणि सोडायची नसते.

आता काउंटरखाली एक डबा ठेवलाय, गॉजचे रोल, रुंद पट्टी, लाकडाची जाड काडी, मार्कर. मागच्या दाराला आतून कुलूप असायचं ते काढून नुसती कडी केली. बसायचं स्टूल काउंटरच्या कोपऱ्यातून काढून मागच्या दाराच्या बाजूला घेतलं. नऊनंतर अर्धं शटर आणि माल काउंटरवरून बाहेर. कॅमेऱ्याचा स्क्रीन गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसंल असा फिरवला, ह्याचा फरक मला लई जाणवला, कटरवाल्यासारखी पोरं वर बघतात आणि जातात. हप्तेवाल्या पोरानं गाडीच्या मिररला हेल्मेट अडकवणं सोडून हातात धरून घरात जायला सुरुवात केली.

कुणाला असा क्लास लावायचा असंल तर एक सकाळ नुसतं बघायला जा. मारणारा मनापासून मारतोय का, एकदा अडवल्यावर परत मारतोय का, दुसरा हात वापरतोय का, आणि शिकवणारा स्वतः रंगानं भरतोय का, हे बघा. आमचे सरसुद्धा भरायचे, लपवायचे नाहीत. एका दिवसात सर्टिफिकेट, हार, फोटो असलं असंल तर तो वेळ घरी झोपा काढायला बरा. गॉगल मात्र लावाच, हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगवाले घेतात तो पांढऱ्या काचेचा चालतो, रबराचं टोक असलं तरी डोळ्यात गेलं की डोळ्याचं काम होतं. अंगठ्याला पट्टी गुंडाळून घ्या, आमच्या बॅचमध्ये निम्म्यांचे अंगठे मुरगळले. आणि टी-शर्ट धुवायला टाकताना वेगळा टाका, तेलातला लाल रंग बाकीच्या कपड्यांना लागला की घरचा क्लास वेगळाच होतो.